तोफेखालचं झाकण

बारामती
१६ नोव्हेंबर १९९७

सारजावैनी,

बारामतीहून तुझ्या धाकट्या दिराचा दंडवत. पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलं नाही, कुणाचं लग्न ठरलं नाही. साक्षरतेच्या वर्गात तू अख्खं पुस्तक घडाघडा वाचलंस, असं भामाबाईचा जावई दूध घालायला आला तेव्हा सांगून गेला. म्हटलं, चला, आता वैनीला पत्र लिहायला हरकत नाही. मध्ये तिसरा माणूस नको.

काम असं आहे. माझ्याकडं ट्रकच्या नंबरप्लेट रंगवून घेणारा एक बागाईतदार आहे. त्याचा जावई परदेशी असतो. त्यानं हौसेनं एक खोकं आणलं, पण त्याला ते जमेना, म्हणून माझ्या गळ्यात टाकलं. आत रणगाडा! म्हणजे सुटे भाग, दीड-दोनशे, प्लॅस्टिकचे. एकेक कापून काढायचा, कानशीनं घासायचा, सोल्युशननं चिकटवायचा, मग रंगवायचा. पुरा झाला की वीतभर होतो.

खोक्यावरचं चित्र बघितलं आणि खोकं उजेडात नेऊन परत बघितलं. भिमादादा चालवायचा तोच. सेंच्युरियन. त्याचा पुढच्या पत्र्यावर बसून काढलेला फोटो आहे ना आपल्याकडं, अगदी तोच.

मग मनात आलं, कुठलातरी करण्यापेक्षा दादाचाच करू. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला त्याला आता सव्वीस वर्षं होतील. त्याच्या पत्रांची पेटी तुझ्याकडं आहे. बघून कळव, गाडीला कुठं ठोकर लागली होती, काय मोडलं होतं, काय नाव होतं. आणि थोडी माती पाठव, चाकांवरच्या पट्ट्यांना लावायला. नवाकोरा रणगाडा खोटा दिसतो. माझा जन्म गेला जुन्या प्लेटी नव्या करण्यात, आणि इथं सगळं उलटं. आधी रंगवायचं आणि मग जुनं करायचं.

आईला यातलं बोलू नकोस. ती लगेच देवाधर्माचं काहीतरी काढील.

तुझा
सोपान


अंथुर्णे
२४ नोव्हेंबर १९९७

सोपानभावजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा वाचता येतंय म्हणून, आन् दुसऱ्यांदा त्यात काय लिवलंय त्ये बघाया. पंचेचाळिशीचा बाप्या खेळणी करतोय! हसावं का रडावं तुमाला?

पेटी उघडली. आन् तुमची चोरी सापडली, भावजी. तवा ह्यांचं पत्र आलं की तुमी वाचून दावायचा. "सगळं ठीक हाय, आईला नमस्कार." झालं, मिटलं पत्र. आता माझी मी वाचते तर काय! "सारजे, तुझ्या हातची हुलग्याची शेंगोळी आठवली की गाडीची घरघर बी ऐकू येत न्हाय." "सारजे, निळं लुगडं नेसून फोटो काढ आन् धाड." ह्ये कवा वाचलंत वो? सगळं गिळलंत! लाज वाटली असंल, कळतं मला, मिसरूड फुटत व्हतं तुमाला. पर माझ्या वाटचं हसू तुमी गिळलंत की.

आता तुमच्या कामाचं. गाडीचं नाव 'हिऱ्या'. आपल्या कळपात म्होरं चालायचा त्या मेंढ्याचं नाव ह्यांनी गाडीला दिलं व्हतं. डाव्या अंगाचा पत्रा बाभळीला धडकून चेपलाय. पुढच्या दिव्याला आत्याबाईंनी वळलेला लोकरीचा दोरा बांधलाय, दृष्ट लागू नये म्हणून. एवढंच सापडलं.

आत्याबाईंपास्नं लपवा म्हणालात, पर कसं लपवू? डोळं गेलं, कान शाबूत हायती. मी मोठ्यानं वाचत व्हते, त्यांनी सगळं ऐकलं. लगीच जुनं पालुपद: "येत्या धुळवडीला भिमाचा टाक कर. देव्हाऱ्यात वीर म्हणून बसव. मी गेल्यावर कोण बसवणार त्याला?" मी म्हणलं, आत्याबाई, चांदीचा टाक मेलेल्या माणसाचा करत्यात. सरकारी कागदात बी बेपत्ताच लिवलंय. आन् भावजी सोता मला म्हणाले व्हते, दादा येईल. मी टाक करणार न्हाय आन् कुकू बी पुसणार न्हाय. लई तणतणल्या माझ्यावर.

भामाबाईच्या जावयासंगं माती धाडते. लढाईवर तितली माती भुरकी हाय आसं ह्यांनी लिवलंय, म्हणून उसाच्या रानातली न घेता माळावरची घेतली. पुडी आत्याबाईंनीच बांधून दिली. तेवढाच राग शांत झाला असंल.

सारजा


बारामती
१४ डिसेंबर १९९७

वैनी,

चोरी कबूल. एकोणीस वर्षांचा होतो. 'सारजे' हा शब्द आला की माझेच कान लाल व्हायचे. आईसमोर काय वाचणार, कपाळ!

हिऱ्या तयार आहे. तीन आठवडे दुपारची झोप घालवली त्याच्यापायी. बारा ते दोन गिऱ्हाईक नसतं. शटर अर्धं ओढायचं आणि बसायचं. आधी अंगभर गडद हिरवा दिला. मग काळा रंग थिनरमध्ये पार पातळ करून सांध्यासांध्यांत सोडला, तेल आणि मळ साचल्यासारखा दिसतो. कुंचला पुसून जवळजवळ कोरडा केला आणि कडांवर फिकट रंग नुसता घासला. माणसं जिथं चढतात-उतरतात तिथं स्पंजाच्या तुकड्यानं चंदेरी टिपके दिले, रंग उडून लोखंड उघडं पडल्यासारखे. डावा पत्रा मेणबत्तीवर धरून चेपला. दिव्याला लोकरीचा एक धागा. शेवटी तुझी माती पट्ट्यांना लावली, उरलेली फुंकून वरून उडवली. काय रंग आहे गं त्या मातीला! भुरका, पण आत पिवळी झाक. थिनरनं माझं नाक मेलंय, नाहीतर वाससुद्धा घेतला असता. खरं सांगतो, काम संपलं तेव्हा मला रडू आलं. प्लॅस्टिक आहे हे विसरलोच होतो मी.

एकच गोष्ट मनासारखी नाही झाली. तोफ. चित्रात ती सरळ आहे आणि मीही सरळच बसवली. दुसऱ्या दुपारी बघतो तर उजवीकडं वळून खाली उतरलेली. सोल्युशन ओलं राहिलं असेल म्हणून पुन्हा सरळ केली, खाली आगपेटीचा टेकू दिला. दुसऱ्या दुपारी टेकू बाजूला आणि तोफ परत उजवीकडं, खाली. असं तीनदा झालं. शेवटी म्हटलं, राहा बाबा तुला आवडतं तिथं, आणि तशीच पक्की चिकटवून टाकली. आता हलत नाही.

संक्रांतीला घेऊनच येतो.

सोपान


अंथुर्णे
२१ डिसेंबर १९९७

भावजी,

अवो, काय करून बसलात! त्यो पिवळेपणा मातीचा न्हाय. खंडोबाचा भंडारा हाय त्यो, देवाची हळद. पुडी बांधताना आत्याबाईंनी मूठभर मिसळला. धनगराच्या पोटी जलमून तुमाला भंडारा वळखू येऊ नये? जळ्ळं तुमचं थिनर.

आत्याबाई मला हसत हसत सांगत्यात, "तू टाक करीत न्हाईस तर नको करू. भंडारा लागला की वस्तू देवाची झाली. भिमाला बोलावणं गेलं." मी भांडले. दोन दिस अबोला धरला. तिसऱ्या दिशी जेवताना त्या सोताच हळू आवाजात म्हणल्या, "चूक झाली का गं माझी? भंडाऱ्यानं बोलावलेला माणूस निघतो. पर वाटंत अडकला, तर त्याला ना हितलं मिळत, ना तितलं."  मी ताट सारून उठले.

आन् ती तोफ सरळ करा. ह्यांच्या शेवटच्या पत्रात हाय, जशाचं तसं उतरवते:

"सारजे, माझी जागा म्होरं, उजव्या अंगाला, गाडीच्या पोटात. डोक्यावर लोखंडी झाकण. तोफ उजवीकडं वळून खाली आली की ती झाकणावर बसती, मग मला बाहेर पडता येत न्हाय. तोफेवर सोनबा असतो, फलटणकडचा. त्यानं तोफ बाजूला घेतली तरच मी सुटतो. गाडी बंद असली आन् आतनं आवाज पोचत न्हसला, तर मी पान्ह्यानं तीनदा ठोकतो. म्हंजे सोनबाला कळतं. म्हणून त्याला रोज माझ्यातली एक बिडी द्यावी लागती."

वाचून हसले मी. बिडीसाठी ह्यांचा जीव सोनबाकडं गहाण! तवा सरळ करा, भावजी. खेळण्यात बी ह्यांना कोंडू नका.

सारजा


बारामती
५ जानेवारी १९९८

वैनी,

संक्रांतीला येणं जमणार नाही. निवडणुकीच्या पाट्यांचं काम फार आहे. रणगाडाही पाठवत नाही. एखाद्या शाळेला प्रदर्शनासाठी देऊन टाकावा म्हणतो. तोफेचं म्हणशील तर ती आता निघत नाही, जोर लावला तर मोडेल.

इथं दुकानात पेट्रोलचा वास मारतो. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं, त्याच्याकडं थेंबही सांडलेला नाही. माझ्या मेलेल्या नाकाला तेवढाच कसा येतो, कोण जाणे. आणि दुपारी शटर ओढलं की फळीवर टकटक होते. पाल असेल.

तू ती पत्रं फार वाचत बसू नकोस. डोळे दुखतील.

सोपान


अंथुर्णे
१२ जानेवारी १९९८

भावजी,

पाल चुकचुकती. टकटक करीत न्हाय.

तुमाला मी लगीन होऊन आले तवापास्नं वळखते. खोटं बोलायचं असलं की तुमी आधी कामाचं रडगाणं लावता. तुमी कशाला भ्यालात? प्लॅस्टिकला? हाताशी थिनर असून रंगाऱ्याला एवढी तोफ निघत न्हाय व्हय?

सरळ इचारते, सरळ सांगा. किती ठोके पडत्यात? आन् कुठनं? तुमी पत्रं वाचताना गाळायचा, ते मला ठावं झालंय. आता मला भ्या वाटायला लागलंय, की शेंगोळी आन् लुगड्यापरीस मोठं बी काय तरी गाळलं असंल. आत्याबाईंची आन हाय तुमाला. सगळं लिवा.

सारजा


बारामती
२७ जानेवारी १९९८

वैनी,

तीन. रोज तीनच. मग थोडं थांबून परत तीन. फळीवरून नाही, रणगाड्याच्या आतून, पुढून उजव्या बाजूनं. बोट लावलं तर बोटाला कळतं. आता मी दुपारी दुकान बंद करून स्टँडवरच्या टपरीत जाऊन बसतो. एसट्या कोकलत असतात, तरी ऐकू येतं मला.

सोबत एक जुनं इनलँड पत्र आहे. ते उघडायच्या आधी माझं ऐक.

बहात्तरच्या फेब्रुवारीत दोन पत्रं आली होती. सरकारी होतं ते गुरुजींनी सगळ्यांसमोर वाचलं: बेपत्ता, बहुधा कामी आले. दुसरं चार दिवसांनी आलं, पोस्टमननं माझ्या हातात दिलं. कॅनॉलच्या भरावावर बसून मी ते एकट्यानं वाचलं. सोनबाचं होतं. गाडीला गोळा लागला, टाकीतलं पेट्रोल पेटलं. वरचे तिघं उड्या टाकून बाहेर पडले. तोफ उजवीकडं होती आणि खाली होती. दादा आतून ठोकत होता. तीन, आणि परत तीन. सोनबा लिहितो, मला परत चढून तोफ फिरवायची होती, मी चढलो नाही, आग बघून माझे पाय उचलले नाहीत. नंतर आत ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून साहेबांनी बेपत्ता लिहिलं.

घरी आलो तर तू चुलीपुढं. म्हणालीस, "भावजी, बेपत्ता म्हंजे येतील का न्हाय?" मी म्हटलं, "येईल." एवढा एकच शब्द, वैनी. उद्या सांगू म्हटलं. उद्या तू हसत होतीस. परवा आई जेवली होती. मग सांगायचा दिवस कधी आलाच नाही. तुझ्या माहेरची माणसं तुझा पाट लावून द्यायला आली, एकविसाव्या वर्षी, चांगलं स्थळ घेऊन. तू त्यांना उंबऱ्यावरून हाकललंस, "माझा नवरा यायचाय" म्हणून. मी खांबाला टेकून उभा होतो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. तुझं अख्खं आयुष्य मी त्या एका शब्दाखाली घातलं.

सोनबाला निदान आगीची भीती होती. मला कशाची होती? माझ्या दुकानात आग नव्हती, काही नव्हतं, तरी सगळं ठाऊक असून ती तोफ मी माझ्या हातानं झाकणावर पक्की चिकटवून टाकली.

रणगाडा सोबत धाडतोय. माझा हात त्याला लागत नाही. काढायची तर तू काढ. नाही तर विहिरीत टाक. मला शिव्या दे, पण एक ओळ तरी पाठव.

सोपान


अंथुर्णे
१५ मार्च १९९८

भावजी,

दीड महिना उत्तर धाडलं न्हाय, कारण राग व्हता. अजून हाय. पत्र वाचलं त्या दिशी चूल पेटवली न्हाय, रानात जाऊन बसले. मुडदा बशिवला तुमचा, आसं शंभरदा म्हणले. मग आठवलं, तुमाला ताप आला की रात रात मीच बसायची. शिवी बी धड देता येईना.

तुमचा रणगाडा कोनाड्यात ठेवला, कापडात गुंडाळून. भर दुपारी, सूर्य डोक्यावर आला की ठोके पडायचे. तीन, आन् परत तीन. मला भ्या वाटलं न्हाय. मी म्हणायची, ऐकतेय. पर हात लावायचं धाडस व्हईना. तोफ सरकवली म्हंजे मी मानलं, की ह्ये आत व्हते. ह्ये आत व्हते, तर मी सव्वीस वर्सं रस्त्याकडं तोंड करून कुणाची वाट बघितली? त्येवढं मानायला माझा हात उचलत नव्हता. सोनबाचे पाय उचलले न्हाईत, तसाच माझा हात. मग तुमचं तरी काय नवल, आसं त्या दिशी पहिल्यांदा वाटलं.

आत्याबाई रोज इचारायच्या, "कोण ठोकतंय गं? दार उघड की." मी म्हणायची, वारं हाय. खोटं बोलायला मी बी शिकले.

परवा धुळवड झाली. सारी गल्ली पाण्यानं भिजलेली, पोरं वरडत व्हती. दुपारी ठोके पडले, आन् आत्याबाई एकदम रडाया लागल्या. "उघड गं कुणीतरी. लई येळ झाला त्याला." मला सोसंना. मी सोनबाचं पत्र काढलं आन् त्यांच्या पुढ्यात बसून वाचलं. अक्षर बी गाळलं न्हाय.  संपल्यावर त्यांनी तोंडावरनं पदर फिरवला आन् म्हणल्या, "मग पोरी, आता कशाला थांबलीस? सरकव."

तुमचं सोल्युशन लई चिवट. विळ्याच्या टोकानं खरवडलं, बोट कापलं, तवा तोफ हालली. डावीकडं फिरवली. झाकण नखानं उचलायला गेले तर त्ये आधीच सुटं झालं व्हतं. पेट्रोलचा वास भसकन आला, आन् गेला. आत वाकून बघितलं. काय न्हाय. ठोके न्हाईत, आवाज न्हाय, नुसतं रिकामं. बाहेर पोरं बी एकदम गप झालेली. मला वाटलं, संपलं. एवढंच व्हतं.

तेवढ्यात आत्याबाई घोंगडीवर सरकून बसल्या. भिताडाला लागून, अर्धी घोंगडी मोकळी सोडून. म्हणल्या, "सारजे, पाय धुवायला पाणी दे त्याला. लांबनं आलाय." मी घंगाळ भरून उंबऱ्यात ठेवलं. का ठेवलं, इचारू नका. सांजच्याला ओतायला गेले तर पाणी गढूळ झालं व्हतं, आन् वर राखेचा तवंग. घरातलं कुणी त्याला शिवलं नव्हतं.

सोनाराकडं टाक सांगितलाय. पुढच्या ऐतवारी बसवायचा. तुमी यायचं, माझ्या शेजारी बसायचं, आन् आईला जे सांगायचं ते तुमच्या तोंडानं सांगायचं. मी मधी बोलणार न्हाय. आन् सोनबाभाऊ हायात असतील तर त्यांचा ठिकाणा काढा. त्यांना कळवा, भिमा सुटला.

आन् एक. त्या दुपारी घंगाळ ठेवून मी आत आले, मोकळ्या घोंगडीकडं बघितलं, आन् माझा हात आपसूक कपाळाला गेला. म्हणलं, आत्याबाई, आता पुसते. त्या आंधळ्या बाईनं माझं मनगट अचूक धरलं. म्हणल्या, "खुळी का काय तू? माणूस घरी आल्यावर कुणी कुकू पुसतं व्हय?"

सारजा